माघातला वैशाख

जलसंपदा खात्याच्या हिशेबात रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला संपतो. १ मार्चपासून उन्हाळी हंगाम. हवामान खातं जानेवारी-फेब्रुवारीला हिवाळा म्हणतं आणि मार्चपासून मान्सूनपूर्व काळ धरतं. पंचांगात माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. वसंत यायचा तो चैत्रात. पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचं वर्ष मार्चअखेर संपतं. गावात विचाराल तर ‘होळी जळाली, थंडी पळाली’ एवढा एकच नियम. प्रत्येकाची तारीख वेगळी. पण फेब्रुवारी हा थंडीचा महिना आहे आणि रब्बीचा दाणा त्यातच भरायचा आहे, याबद्दल आजवर कुणाचं दुमत नव्हतं.

२०२५च्या फेब्रुवारीनं ते गृहीतक मोडीत काढलं. देशाचं त्या महिन्याचं सरासरी तापमान २२.०४ अंश सेल्सिअस होतं. १९०१पासूनच्या नोंदींत तोवर इतका उष्ण फेब्रुवारी झालेला नव्हता. त्याआधी २०२३च्या फेब्रुवारीनं कमाल तापमानाच्या सरासरीचा विक्रम केला होता, २९.५४ अंशांचा. आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०२२चा मार्च : कमाल तापमानाची देशाची सरासरी ३३.१० अंश, तोवरचा सर्वांत तापलेला मार्च, आणि पाऊस सरासरीपेक्षा ७१ टक्के कमी. चार वर्षांत तीनदा हे झालं. २०२५च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तर कोकण-गोव्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर गेला आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला की लाट धरतात. हा निकष कधी माघात लावावा लागेल, असं तो ठरवणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल.

शेतकऱ्याला विक्रमाशी देणंघेणं नाही. एखाद्या दुपारी पारा चाळिशीला टेकला म्हणून उभं पीक मरत नाही. पण गहू, हरभरा, ज्वारी ही तिन्ही पिकं साधारण महिनाभर दाणा भरण्याच्या अवस्थेत असतात, आणि तो महिना नेमका हाच. त्या दिवसांत ऊन चढलं की पीक घाई करतं. पानं लवकर पिवळी पडतात, दाणा भरायचे दिवस कमी होतात आणि पीक वेळेआधीच पिकतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला रान छान सोनेरी दिसतं. काट्यावर पोती चढली की काय झालं ते कळतं.

थंडी आता मागच्या बाजूनं कापली जातेय. पाण्याची आवर्तनं, विमा, पंचनामे, वसुली हे सगळं मात्र जुन्या थंडीच्या भरवशावर आखलेलं आहे. त्याचे परिणाम कुठे आणि कसे दिसतात, हे पाहायचं तर आधी कोरडवाहू काळ्या रानात उतरावं लागतं.

मंगळवेढा. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशाही कोठार रयतेला खुलं केलं, ती कथा याच गावची. आणि आजही या तालुक्याची ओळख कोठारातल्या त्या ज्वारीनंच होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथली ज्वारी म्हणजे मालदांडी. तिच्यातूनच निवडलेलं ‘मालदांडी ३५-१’ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात पुढे आलं. इतक्या वर्षांत कृषी विद्यापीठांनी किती तरी नवी वाणं दिली, उताऱ्याला ती सरसही आहेत. पण भाकरीचं नाव निघालं की सोलापूरकर मालदांडीच्या पलीकडे जायला तयार नसतो.

ही ज्वारी उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायची. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाभर चालते. त्यानंतर आभाळातून काही मिळेल याची खात्री नाही. चार-साडेचार महिने पीक जगतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. मीटरभर खोलीची भारी काळी जमीन पिकाला घेता येईल अशी साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओल धरून ठेवते. हेच पिकाचं भांडवल, आणि त्यात नवी भर पडत नाही. सोलापूरचं सरासरी कमाल तापमान जानेवारीत ३१ अंशांच्या आसपास असतं, फेब्रुवारीत ३४ आणि मार्चमध्ये ३७. बाष्पीभवन त्याच चढणीनं वाढत जातं. मार्चचं ऊन फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच आलं, तर पंधरा दिवसांची ओल त्याआधीच खर्च होते. ती भरून काढायला दुसरीकडून काही येत नाही.

जानेवारी सरताना या रानात उतरलं की दोन ओळींमधली जमीन फाटलेली दिसते. भेग कुठे बोटभर, कुठे दोन बोटं रुंद. तुरीची वाळकी काडी आत सोडली तर हातभर सहज खाली जाते. वरची माती पांढुरकी, पायाखाली भुगा होणारी. पण भेगेच्या आतल्या कडेला बोट लावलं तर ती काळी आणि गार लागते. म्हणजे खाली अजून ओल आहे. आणि हीच भेग ती ओल बाहेर पडायची वाट आहे. नीट पाहिलं तर दोन्ही कडांमधून तुटलेली बारीक पांढरी मुळं बाहेर आलेली दिसतात. जमीन आकसताना तिनं आपल्याच पिकाची मुळं तोडलेली असतात. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळताना आकसते. ओल धरायचा तिचा गुण आणि फाटायचा तिचा दोष यांचं मूळ एकच आहे.

यावरचा उपाय जुना आहे आणि त्याला खर्चही फार नाही. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्यानं पहिली कोळपणी, पाच आठवड्यांनी अखंड पासेच्या कोळप्यानं दुसरी आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्यानं तिसरी. तण जातंच, पण खरं काम भेगा बुजवायचं आणि वर भुसभुशीत मातीचा थर ठेवायचं. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे शेतकरीही म्हणतात आणि विद्यापीठाच्या पुस्तिकेतही छापलेलं असतं. सोलापूरला १९३३मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हापासून कोरडवाहूच्या शिफारशी याच दिशेनं जात आल्या आहेत : पावसाळ्यात वाफे बांधून पाणी रानातच मुरवा, खोलीप्रमाणे वाण निवडा, भेगा बुजवत राहा.

पण तिसरी कोळपणी करायला बैलं लागतात. पीक कमरेच्या वर गेलेलं असतं, ट्रॅक्टर आत जात नाही. गावोगाव बैलजोड्या कमी झाल्या. ज्याच्या दारात जोडी उरली आहे त्याच्याकडे भाड्यासाठी रांग लागते, आणि आपली पाळी येईपर्यंत वापसा निघून जातो. मग ती कोळपणी राहते. हवामान बदलाबद्दलच्या परिषदांमध्ये बैलांचा विषय निघत नाही. मला तो तापमानाच्या आलेखाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण फेब्रुवारीचं ऊन आपल्या हातात नसलं तरी डिसेंबरातली भेग आपल्या हातात होती.

ओल तुटली आणि वरून ऊन चढलं की ज्वारीत खडखड्या येतो. बुरशी जमिनीतली, पाण्याचा ताण बसलेल्या ताटात ती बुडातून शिरते. खोडाचा गाभा नाहीसा होतो, आत नुसते धागे उरतात, आणि कणसाच्या वजनानं ताट बुंध्यात मोडून आडवं होतं. आडव्या पिकाची काढणी म्हणजे दुप्पट मजुरी. उपटायला माणूस मिळत नाही म्हणून ज्वारी सोडणारे पुष्कळ आहेत, त्यात ही भर. दाणाही बारीक राहतो, आणि कडब्याची प्रत जाते. ज्वारीचं अर्थशास्त्र कडब्याशिवाय मांडणाऱ्यानं कधी दावणीला जनावर बांधलेलं नसतं. दुधाचा धंदा असलेल्या घरात दाणा हे वरचं उत्पन्न आणि वैरण हे मुख्य पीक असतं. म्हणूनच मुरमाड रानात फुले अनुराधा, मध्यमात फुले सुचित्रा, भारीत फुले वसुधा अशी खोलीप्रमाणे वाणं उपलब्ध असूनही लोक हलक्या रानात मालदांडीच टाकतात : ताट उंच वाढतं, कडबा गोड लागतो. साल बरं गेलं तर हा जुगार जिंकतातही.

एकाच गावात, एकाच पावसावर, बांधाच्या अलीकडचं पीक संक्रांतीला करपतं आणि पलीकडचं होळीपर्यंत हिरवं राहतं, ते खालच्या मातीच्या खोलीमुळे. पाऊस गावाच्या नावावर मोजला जातो. ओल मात्र ज्याच्या त्याच्या रानाची वेगळी. सरकारी कागद गावाच्या आणि महसूल मंडळाच्या सरासरीवर चालतात. तो मुद्दा पुढे विम्यापाशी पुन्हा येईल.

गव्हाचं दुखणं वेगळं. इथे पाणी असतं, थंडी नसते. २०२२च्या त्या तापलेल्या मार्चनं पंजाब-हरियाणाचा गहू सुरकुतला. खरेदीसाठी आकसलेल्या दाण्याची मर्यादा केंद्राला ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यातच बंद झाली. उत्तरेतल्या त्या एका महिन्याची देशभर चर्चा झाली. महाराष्ट्राच्या गव्हाला तशी वेळ दरवर्षी थोडी-थोडी येते, म्हणून तिची बातमी होत नाही. आपण गव्हाच्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला आहोत. इथली थंडी मुळातच उसनी, उत्तरेकडून कोरडे वारे येतील तितके दिवस टिकणारी.

निफाडजवळ कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आहे. थंडीच्या दिवसांत ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी येते, तो आकडा तिथल्या वेधशाळेतलाच असतो. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान ही राज्यात पेरली जाणारी वाणं याच केंद्राची. त्यांची शिफारस स्पष्ट आहे : बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटलची घट धरा. कारण उघड आहे. उशिरा पेरलेल्या गव्हाचं दाणं भरणं उन्हाच्या तोंडी येतं.

हे ठाऊक नाही असा शेतकरी मला भेटलेला नाही. मग गहू डिसेंबरात का पेरला जातो? कारण रान मोकळं होत नाही. नोव्हेंबरात त्या रानात ऊस उभा असतो, आणि कारखान्याची टोळी आपल्या वेळेनं येते. कपाशीची शेवटची वेचणी राहिलेली असते. परतीचा पाऊस लांबला की काळ्या रानाला आठ-दहा दिवस वापसाच येत नाही. औत घातलं तर ढेकळं निघतात आणि ती फोडता फोडता महिना संपतो. शिफारस कागदावर बरोबर आहे. पण गव्हाची तारीख गव्हाआधीचं पीक ठरवतं.

त्यात पाण्याची गंमत. कालवा सल्लागार समितीची बैठक दिवाळीच्या मागेपुढे होते आणि रब्बीची आवर्तनं तेव्हाच ठरतात. तीन पाळ्या की चार, कोणत्या तारखेला. फेब्रुवारीत अचानक ऊन वाढलं, गव्हाला चिकात असताना एक पाणी आठवडाभर आधी हवं झालं, तरी कालव्याचं दार बैठकीतल्या तारखेलाच उघडतं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो वाचतो. विहिरीला पाणी असून दिवसा वीज नाही, तो रात्री बॅटरी घेऊन दारं धरतो.

नाशिक जिल्ह्यात गव्हाच्या रानाशेजारीच द्राक्षबाग असते, आणि फेब्रुवारीत दोघांच्या मागण्या एकमेकांविरुद्ध असतात. गव्हाला थंडी हवी. द्राक्षाला मण्यात साखर उतरायच्या वेळी कडाक्याची थंडी नको. रात्री पारा खूप उतरला आणि दिवसा कडक ऊन पडलं की थॉमसन जातीचे हिरवे मणी गुलाबी पडतात. पिंक बेरी म्हणतात त्याला. चवीत फार फरक नसतो, पण निर्यातीचा व्यापारी घड उलटसुलट करून पाहतो आणि बाजूला ठेवतो. म्हणून बागेत घडाघडाला कागद गुंडाळतात. पिंपळगाव-निफाड भागात जानेवारीत बागेत शिरलं तर वर पानांचा मांडव आणि खाली रांगेनं लटकलेली वर्तमानपत्रं. रद्दीला एवढा मान दुसरीकडे क्वचित मिळत असेल. घडाला पिनेनं लावलेल्या एखाद्या पानावर हवामानाचा अंदाजही छापलेला असतो, गेल्या वर्षीचा.

कागदानं ऊन थांबतं, गार थांबत नाही.

फेब्रुवारी-मार्चातली गारपीट आणि उकाडा या दोन वेगळ्या आपत्ती नाहीत. पश्चिमी झंझावाताची द्रोणी दक्षिणेकडे महाराष्ट्रापर्यंत खाली उतरते तेव्हा वरच्या थरात थंडगार हवा येते. त्याच वेळी अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून खालच्या थरात बाष्प आलेलं असतं. जमीन दुपारपर्यंत तापते. खाली गरम आणि दमट, वर गार आणि कोरडं : ढग सरळ उंच उठतात आणि त्यांच्या पोटात गारा तयार होतात. गार मे महिन्याच्या वळवातही तयार होते, पण तेव्हा हवेतली गोठणपातळी फार वर असते आणि खाली येता येता बरीच गार वितळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पातळी खाली असते, म्हणून गार शाबूत येते. जमीन जितकी लवकर तापेल तितका या खेळाला वाव जास्त.

२०१४ कुणी विसरलेलं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात कुठे ना कुठे गारा पडत राहिल्या. एरवी गारपीट म्हणजे एका दुपारची गोष्ट. त्या वर्षी ती दोन-तीन आठवडे चालली. रानं पांढरी झाली, पक्षी मेले, मेंढरं मेली. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था त्याच्या पाच वर्षं आधी, २००९मध्ये सुरू झालेली होती. तिच्या शास्त्रज्ञांनी त्या गारपिटीची कारणं, पिकांचं नुकसान आणि नंतरचे उपाय यांची रीतसर नोंद करून ठेवली. फळबागेच्या माणसानं ती वाचण्यासारखी आहे.

गार लागलेल्या घडाजवळ उभं राहिलं तर दिसतं, वाऱ्याच्या बाजूचे मणी फुटलेले आणि मागचे धडधाकट. अर्धा घड वाचलाय असं वाटतं. दोन दिवसांत फुटलेल्या मण्यांचा रस आंबतो, खालच्या मण्यांवर ओघळतो, चिलटं जमतात, बागेत आंबूस वास सुटतो आणि वाचलेला अर्धाही जातो. त्याहून वाईट नुकसान वर, काडीवर असतं. गारेनं सालीवर पाडलेले घाव दुरून दिसत नाहीत. एप्रिलात खरड छाटणी होते, तिच्यानंतर फुटणाऱ्या नव्या काडीत पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. जखमी वेल ते काम नीट करत नाही. म्हणजे एका दुपारच्या गारेनं दोन हंगाम जातात. पंचनामा मात्र एकाच हंगामाचा होतो.

तासगाव, कवठेमहांकाळ, जत, पंढरपूर या पट्ट्यात द्राक्षाचा दुसरा प्रवास असतो, बेदाण्याचा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून शेडमध्ये जाळीच्या थरांवर पसरतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, आणि तो होतो दोन आठवड्यांत. हवा कोरडी असेल तर. कोरडी, तापलेली हवा इथे हवीच असते. फेब्रुवारीतल्या ज्या उन्हाला मंगळवेढा शिव्या देतो त्याचं तासगावला कौतुक असतं. पण त्याच उन्हाच्या मागून ढगाळ आठवडा आला, बाजूनं पावसाची झड शेडमध्ये शिरली, की बेदाणा काळा पडतो आणि त्याची प्रतवारी एका रात्रीत खाली येते. घर बेदाण्यावर उभं असलेला माणूस त्या दिवसांत शेडच्या बाजूचे पडदे वरखाली करण्यात रात्री काढतो.

बाकीच्या पिकांचं थोडक्यात. राज्यात रब्बीचं सर्वांत जास्त क्षेत्र आता हरभऱ्याखाली आहे. एके काळी तो मान ज्वारीचा होता. सोयाबीन निघालं की हरभरा, हे मराठवाडा-विदर्भातलं सोयीचं गणित. हरभऱ्याला लवकर आलेलं ऊन ज्वारीइतकं झोंबत नाही, त्याला ढगाळ हवा झोंबते. घाटेअळी तिथेच हात धुऊन घेते, आणि काढून पसरलेल्या हरभऱ्यावर पाऊस आला तर दाणा डागी होतो. उन्हाळ कांद्याचं पोसणं फेब्रुवारी-मार्चातलं. उन्हानं पात लवकर माना टाकते, कांदा लहान राहतो, आणि भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. हापूसची तऱ्हा तर विचारायला नको. थंडी लांबली तर फळं धरलेल्या फांदीला पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळं गळतात. थंडी लवकर गेली तर सुपारीएवढी फळं उन्हानं गळतात. बागायतदार दोन्ही बाजूंनी मार खातो, आणि एप्रिलात मुंबईकर पेटीचा भाव विचारून नाक मुरडतो.

अंदाज मिळत नाही का? मिळतो. शेतीसाठी हवामानशास्त्र हा विषयच या देशात पुण्यात उभा राहिला. १९३२मध्ये हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यात सुरू झाला आणि डॉ. एल. ए. रामदास यांनी तो वाढवला. रामदासांचा शोध शेतीच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे : निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला टेकलेली नसते, जमिनीपासून थोडी वर असते. जगभरच्या शास्त्रज्ञांना ते पटायला वेळ लागला. आज त्या थराला रामदासांचं नाव आहे. त्यांनी पुण्याच्या काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर देऊन ती किती कमी तापते, हेही मोजून पाहिलं. जवळपास नव्वद वर्षांपूर्वी, मातीच्या तापमानाचा इतका बारकाईनं विचार इथे झालेला आहे.

आणि आज? दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचं कृषी हवामान पत्रक निघतं. मेघदूत नावाचं ॲप आहे. महसूल मंडळांमध्ये महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं आहेत. पण पत्रक तालुक्याच्या भाषेत समजावून सांगणारी जी जिल्हा कृषी हवामान केंद्रं देशभर उघडली होती, ती २०२४मध्ये बंद करण्यात आली. राहिलेली जागा मोबाईलवरच्या अंदाजवाल्यांनी घेतली. त्यातले काही अभ्यास करणारे आहेत. बरेच जण ‘राज्यात गारपीट’ एवढं मोठ्या अक्षरांत लिहून मोकळे होतात. बाग काढणीला आलेला माणूस दहा जणांचे दहा अंदाज ऐकतो आणि भीतीपोटी कच्चा माल तोडतो. व्यापाऱ्याला ती भीती बरोबर कळते.

नुकसान झाल्यावरची व्यवस्था बघा. राज्य आपत्ती निधीतून मदत मिळायला पिकाचं ३३ टक्के नुकसान लागतं. २०१५पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. केंद्राच्या २०२२ ते २०२६च्या निकषांनी कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. द्राक्षबागेवर एकरी लाखांत खर्च करणाऱ्याला २२,५०० म्हणजे औषधांच्या उधारीचाही एक हप्ता नाही. आणि हे गारपिटीचं. लवकर आलेल्या उन्हानं ज्वारीचा दाणा बारीक राहिला, तर तिथे पंचनाम्याला काही दिसतच नाही. पीक उभं आहे, कणीस आहे, नुकसान कुठे आहे? तलाठ्याला दोष देण्यात अर्थ नाही; त्याच्या नमुन्यात ‘वजन कमी’ असा रकाना नाही.

विम्याचं तर उलटं पाऊल पडलं. २०२५च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयातला पीक विमा बंद केला. त्यात गैरप्रकार झाले होते, तो बंद करण्याबद्दल माझी तक्रार नाही. रब्बीला दीड टक्का हप्ता शेतकरी भरू शकतो. पण त्याच फेऱ्यात स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान ही संरक्षणंही योजनेतून वगळली गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर आणून ठेवली. कापणी प्रयोगाची सरासरी निघते मंडळाची. गार पडते पट्ट्यात. मंडळातल्या वीस गावांपैकी तीन गावांचा हरभरा भुईसपाट झाला तर सतरा गावांची सरासरी त्या तीन गावांना बुडवते. काढून पसरलेली ज्वारी मार्चच्या पावसानं काळी पडली, तर कापणी प्रयोगाच्या वजनात ते दिसत नाही. ज्वारीचं वजन तेवढंच असतं, फक्त ती विकली जात नाही. फेब्रुवारी-मार्चचं हवामान असं बेभरवशाचं होत असताना नेमकी त्याच दिवसांच्या कामाची कलमं काढून टाकणं, हा निर्णय चुकलेला आहे.

दिवाळीच्या सुमारास मालदांडी गुडघ्याला लागते आणि गव्हाच्या पेरणीचे दिवस सुरू होतात. कालवा सल्लागार समित्यांच्या बैठकाही याच दिवसांत होतात. आपल्या लाभक्षेत्राच्या बैठकीत आमदार काय बोलले ते विचारा, आणि फेब्रुवारीतली एक पाळी तारखेवर न बांधता तापमान बघून सोडण्याची मागणी लेखी द्या. स्थानिक आपत्तीचं आणि काढणीपश्चात नुकसानीचं संरक्षण पुन्हा सुरू करा, हे ग्रामसभेच्या ठरावात आलं पाहिजे. बाकी रानातलं : गहू १५ नोव्हेंबरच्या आत पडत असेल तरच वेळेवरचं वाण घ्या, नाही तर उशिराच्या शिफारशीचं घ्या किंवा त्या रानात हरभरा करा. आणि ज्वारीची तिसरी कोळपणी चुकवू नका. बैलजोडीचं भाडं आधीच बोलून ठेवा.